फक्त वाचनासाठी

दिवा लुकलुकत नव्हता. टेबलाखालच्या डिस्कच्या डब्यावरचा तो तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा... कुणी कुठूनही काही ऐकायला घेतलं की फडफडायचा, आणि आता फोनवर धाकटा भाऊ सांगत होता की बाबांचा आवाज लागलाय, तोच, दवाखान्यातला, "आला का गं तो?" — आणि दिवा मात्र ढिम्म.

"ताई, काढलंस म्हणालीस ना?"

"काढलं रे. सकाळीच."

"मग ही काय भुताटकी?"

भुताटकी नव्हती, तिचीच व्यवस्था होती. बाबा गेल्यावर त्यांच्या आवाजाची सगळी ध्वनिमुद्रणं तिनेच या डब्यात भरली, भावंडांच्या घरांना जोडून दिली. ऐकायची मुभा सगळ्यांना, बदलायची कुणालाच नाही. "म्हणजे बघायचं, हात लावायचा नाही," धाकटा तेव्हा म्हणाला होता, "तुझ्या कंपासपेटीसारखं." सगळे हसले होते, तीसुद्धा. आणि नेटवर्क रखडतं म्हणून तिने प्रत्येक घरच्या कॉम्प्युटरला बजावून ठेवलं — एकदा आणलेली प्रत जवळच ठेव, इथलं काही बदलणार नाही, पुन्हा विचारायला येऊ नकोस. म्हणून इथून काढलेलं त्याच्याकडे अजून वाजत होतं. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं.

तेवढं एक काढ, असं तो किती वेळा म्हणाला होता. जे आहे ते आहे, ती म्हणायची. तो उशिरा आला, बाबा वाट बघत गेले — एवढंच तिच्यापाशी होतं आणि ते पुरत होतं. काल त्याची बायको भाजी निवडता निवडता बोलून गेली : अहो, ते वेळेवरच पोचले होते, दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले, वर यायचा धीर होईना... खालीच होता. एका मजल्याच्या अंतरावर. मी विचारलंच कुठे.

"ताई? इथली प्रत कशी पुसायची तेवढं सांग. का तेही तुझ्याच हातात?"

सोपं होतं. सेटिंग उघड, साठवलेलं रिकामं कर — वाक्य ओठांवर तयार होतं. पण ते बोलून झालं की तो "बरं" म्हणेल आणि फोन ठेवेल.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "तू जिन्यात होतास?"

पलीकडे बाबांचा आवाज मध्येच तुटला. त्याने बंद केला असावा. एरवी त्याचं उत्तर त्याच्याआधी तिच्या मनात हजर असायचं. आता तिथे काहीच नव्हतं, आणि त्या मोकळ्या जागेत उभं राहायची तिला सवय नव्हती.