आकाश पाहण्याचा अधिकार

आकाश पाहणे आणि आकाशात काही दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ढगमास्तरांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच कळले होते. विमानतळावरच्या हवामान कार्यालयात ते ढगांची उंची, दृश्यता आणि वाऱ्याची दिशा नोंदवत. दिसले ते लिहायचे, न दिसलेले लिहायचे नाही. या एका नियमावर त्यांचा पगार, त्यांचा स्वभाव आणि त्यांची बहुतेक भांडणे उभी होती. म्हणूनच 'प्रजासत्ताका'च्या घटनेतले एक कलम त्यांना चपलेतल्या खड्यासारखे टोचत असे.

प्रजासत्ताक म्हणजे शहरातले जुने सार्वजनिक स्नानगृह चालवणारे मंडळ. प्राचीन रोमच्या राज्यपद्धतीचे वेड असलेल्या एका निवृत्त प्राचार्यांनी ते स्थापन केले होते. स्नानगृह बंद पडायला आले तेव्हा दुसरा कोणी वाली नसल्यामुळे इमारत मंडळाच्या पदरात पडली. दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे मंडळाचे प्रमुख, निवडले जात. एकाने ठरवलेले दुसऱ्याला रोखता यावे, एवढाच दोघे असण्याचा हेतू. इमारतीची निगा राखणाऱ्या दंडाधिकाऱ्याला ईडाइल म्हणत. बॉयलर पेटवायचा की नाही आणि तलावात पाणी भरायचे की नाही, हे सर्वस्वी त्याच्या हातात. याशिवाय शकुन पाहणारा एक तहहयात अधिकारी असे. ते पद प्राचार्यांनी ढगमास्तरांच्या गळ्यात घातले होते. "तुम्ही तसेही वर बघतच असता," असे ते म्हणाले होते, आणि ढगमास्तरांनी गंमत म्हणून होकार दिला होता.

टोचणारे कलम असे: मतदानाच्या दिवशी एखाद्या कॉन्सलने 'मी आकाश पाहतो आहे' एवढे जाहीर केले, की त्या दिवसाची सभा बेकायदा ठरे. वीज दिसलीच पाहिजे अशी अट नव्हती. आकाश दिसण्याचीही नव्हती. दुसऱ्या कॉन्सललाही हे रोखता येत नसे, कारण पाहणे हा निर्णय नव्हे.

या वर्षी या कलमाचा आधार घेऊन ईडाइलची निवडणूक दोनदा रद्द झाली होती. दोन्ही वेळा आकाश पाहणारे गृहस्थ होते पहिले कॉन्सल, व्यवसायाने दंतवैद्य. जुना ईडाइल हा त्यांचा मेहुणा, आणि नवा निवडून येईपर्यंत जुनाच कायम. मेहुण्याने गॅस वाचवण्याच्या नावाखाली बॉयलर विझवला होता आणि तलाव रिकामा केला होता. खरे कारण सगळ्यांना ठाऊक होते. रिकाम्या तलावात आवाज फार सुंदर घुमतो, हे दंतवैद्यांच्या ध्यानात आले होते. खोल टोकाला वक्ता उभा राहील, उथळ बाजूच्या उतारावर दगडी बाके बसवली की सिनेट तयार. त्यासाठी तळ फोडावा लागणार होता, आणि तेवढा अधिकार मुदत संपलेल्या ईडाइलला नव्हता. तो पुन्हा निवडून येणे आवश्यक होते.

ढगमास्तरांच्या वडिलांना मात्र त्या तलावात पाणी हवे होते, कोमट आणि छातीपर्यंत. पक्षाघातानंतर त्यांचा डावा पाय जमिनीवर त्यांचे ऐकत नसे. पाण्यात ऐके. धाकटी बहीण फिजिओथेरपिस्ट. तिने वडिलांना आणि आणखी काही जणांना त्या तलावात चालते केले होते. पाणी गेल्यापासून वडील पुन्हा भिंत धरू लागले होते आणि आता भिंतही त्यांना पुरत नव्हती. म्हणून बहीण स्वतः ईडाइलपदासाठी उभी होती.

"दादा, तू शकुनाधिकारी आहेस ना? मग सांग त्यांना, की आकाश स्वच्छ होतं," दुसऱ्यांदा सभा उधळली त्या संध्याकाळी ती म्हणाली.

"सांगितलं. नोंदी घेऊन गेलो होतो. एक ढग नाही, कुठे वीज नाही. आणि तो माणूस दवाखान्यात पडदे ओढून एका बाईची दाढ काढत होता."

"मग?"

"म्हणाला, मी काही दिसलं असं म्हटलंच नाही. मी पाहतोय म्हटलं. तुमच्या नोंदी दिसण्याबद्दल आहेत."

पलंगावरून वडिलांनी मान वळवली. "हुशार आहे हो! माझा दात काढताना पण असंच म्हणाला होता. दुखणार नाही म्हणालो, दुखलं नाही असं नाही म्हणालो."

"बाबा, हसण्यावारी नेऊ नका."

"मग काय नेऊ? पाय तर कुठे नेता येत नाही."

बहिणीने हात झटकले. "कलमच बदलून टाका ना मग!"

"त्याला सभा लागते," ढगमास्तर म्हणाले. "आणि सभेच्या दिवशी तो आकाश पाहील."

तरीही ते प्राचार्यांकडे गेले; घटनेचा अर्थ लावणे संस्थापक म्हणून त्यांच्याकडेच होते. पुस्तकांच्या राशींत एक खुर्ची मोकळी करून देत प्राचार्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. शकुनाधिकाऱ्यालाही अधिकार आहे, असे त्यांनी समजावले. मतदान चालू असताना त्याने उठून 'आज नाही' म्हटले, की काम तिथेच थांबते.

"मला थांबवायचं नाहीये. मला ते होऊ द्यायचं आहे."

"त्यासाठी तरतूद नाही," प्राचार्य म्हणाले. "सत्ता माजू नये म्हणून थांबवण्याचा अधिकार आपण सगळ्यांना दिला आहे."

"आणि चालवण्याचा?"

"तो गृहीत धरला आहे."

निवडणुकीच्या तिसऱ्या तारखेला दंतवैद्य आकाश पाहायला गेले नाहीत. ते पांढरी शाल खांद्यावर नीट लावून, अध्यक्षांच्या मेजामागे प्रसन्न मुद्रेने बसले. याचा अर्थ ढगमास्तरांनी तत्काळ काढला: मते त्यांच्या खिशात आहेत.

मतदानाची पद्धत रोमन होती. सभासदांचे नऊ गट, त्यांना 'शतक' म्हणत, जरी एकेका शतकात जेमतेम पंधरा माणसे असली. प्रत्येक शतकाचे मिळून एक मत. अधिक वर्गणी देणारी शतके आधी, कमी देणारी नंतर. कोणालाही पाच मते मिळाली की मतदान बंद. वडील नवव्या शतकात होते. मंडळाच्या इतिहासात नवव्या शतकाला कधीच मत द्यावे लागले नव्हते. तरी बहिणीने त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणले होते. रिकाम्या तलावाच्या कडेला ती खुर्ची लावून, ब्रेक दोनदा तपासून ती आपल्या जागी गेली.

"आम्ही येतो कशाला?" वडिलांनी शेजारच्या म्हातारीला विचारले.

"संख्या दिसायला," ती म्हणाली.

पहिले शतक उठले, टोपलीत चिठ्ठ्या टाकल्या, मोजणी झाली. मेहुणा. दुसरे शतक, मेहुणा. तिसऱ्यात थोडी कुजबुज झाली, पण निकाल तोच. चौथे शतकही मेहुण्याकडे गेले, आणि दंतवैद्यांनी शालीची निरी पुन्हा बसवली.

पाचव्या शतकाने चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या आसपासचे दुकानदार या शतकात होते, म्हणजे जवळजवळ सगळे त्यांचेच रुग्ण. ढगमास्तरांच्या डोक्यात गणित झाले. चारपैकी चार. पाचवे वेगळे जाण्याची शक्यता किती? नगण्य. पाचवे मत पडले की मेहुणा वर्षभरासाठी कायम, आणि उद्या सकाळी तळावर पहारी. एकदा तळ फुटला की पाणी कधीच ठरणार नव्हते. आज सभा थांबली तर निदान तलाव तलाव राहील, पुढची तारीख मिळेल.

समोर बहीण उभी होती. ती ढगमास्तरांकडे पाहत नव्हती. ती टोपलीकडे पाहत होती. गेले काही महिने तिने त्यांना अनेक गोष्टी सांगून पाहिल्या होत्या, पण खोटे बोल असे एकदाही सांगितले नव्हते.

उंच खिडक्यांतून निळेभोर, निर्लज्जपणे स्वच्छ आकाश दिसत होते.

ढगमास्तर उठले. "आज नाही," ते म्हणाले. आवाज खोल टोकापर्यंत जाऊन परत आला. "वीज दिसली. डाव्या बाजूला."

सगळ्यांनी डावीकडे पाहिले. तिकडे भिंत होती.

दंतवैद्य अर्धे उठले आणि पुन्हा बसले. प्राचार्यांनी हातातली काठी जमिनीवर आपटली. "शकुनाधिकाऱ्यांनी घोषणा केली आहे. सभा विसर्जित. टोपली न उघडता रिकामी करावी."

"न उघडता?" पाचव्या शतकाची प्रमुख, बेकरीवाली, पुढे आली. तिचा आवाज पहाटे भट्टीसमोर कमावलेला होता. "अहो मास्तर, हे काय करून बसलात?"

"का? काय झालं?"

"काय झालं म्हणून मलाच विचारताय? आमच्या अख्ख्या शतकानं तुमच्या बहिणीला मत दिलंय! एकजण सोडून. आणि तो भाड्यानं राहतो डॉक्टरांकडे."

"पण तुम्ही सगळे तर यांचे रुग्ण..."

"म्हणूनच तर! त्या खुर्चीत आ करून बसावं लागतं. त्यांचं सिनेट, त्यांची बाकं, त्यांची भाषणं, सगळं ऐकून घ्यायचं, आणि बोलायची सोय नाही. इथे पहिल्यांदा तोंड मोकळं मिळालं होतं."

"सहावं तर तिचंच होतं," मागून कोणी म्हणाले.

"सातवं, आठवं पण."

"आमचं विचारायलाच नको," वडिलांच्या शेजारची म्हातारी म्हणाली. "मी चिठ्ठी घरूनच लिहून आणली होती."

दंतवैद्य हे सगळे लक्षपूर्वक ऐकत होते. त्यांनी बेकरीवालीकडे पाहिले, मग मागच्या शतकांवरून सावकाश नजर फिरवली, आणि शाल घडी करून पिशवीत ठेवली. जाताना ते ढगमास्तरांपाशी थांबले.

"मी आभारी आहे," ते म्हणाले, आणि ते उपरोधाने बोलत नव्हते. "माझा अंदाज साफ चुकला होता. आता पुढच्या तारखेला मला आकाश पाहावंच लागेल. त्याच्या पुढच्यालाही."

दुसऱ्या दिवशी ढगमास्तर प्राचार्यांच्या दारात उभे राहिले. "मी खोटं बोललो. वीजबीज काही नव्हती. मतदान ग्राह्य धरा, टोपली मोजा, उरलेलं पुरं करा."

"चिठ्ठ्या जाळल्या."

"मग माणसं मोजा! सगळे हयात आहेत."

"बसा तरी." प्राचार्यांनी चष्मा पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचे दुःख होते. "शकुनाधिकाऱ्याची घोषणा खरी की खोटी याची चौकशी करता येत नाही. तसं केलं तर प्रत्येक घोषणेची करावी लागेल."

"करावीच!"

"मग उरेल काय?"

"पाणी उरेल," ढगमास्तर ओरडले. "मी राजीनामा देतो."

"पद तहहयात आहे," प्राचार्य हळूच म्हणाले.

घरी आले तेव्हा बहीण वडिलांचा पाय पलंगावरून उचलून गुडघ्यात वाकवत होती. वडिलांच्या कपाळावर घाम होता. पाण्यात जे अलगद होई, ते इथे दोघांनाही ओढून काढावे लागत होते. ती सभेपासून भावाशी बोलली नव्हती. ढगमास्तरांनी खुर्ची ओढली आणि विचारले नसतानाही सांगू लागले.

"चारपैकी चार त्याला गेले होते. पुढचं पण जाणार असं कोणीही म्हटलं असतं."

"कोणीही?" तिने मान वर न करता विचारले.

"म्हणजे, उपलब्ध माहितीवरून..."

"कोणती माहिती? पहिले चार म्हणजे सगळे वरच्या वर्गणीवाले. दादा, माझ्याकडे दिवसभर लंगडीच माणसं येतात. म्हणून मी सगळं शहर लंगडं आहे असं धरून चालू?"

ढगमास्तर कार्यालयात नव्या मुलांना नेमके हेच शिकवत: एका कोपऱ्यातल्या ढगांवरून साऱ्या आकाशाची नोंद करायची नाही.

"मला वाटलं, तळ तरी वाचेल," ते म्हणाले.

"वाचला ना. कोरडा ठणठणीत वाचला."

"झालं का तुमचं?" वडील म्हणाले. "तुमच्या वादात पाय अधांतरी राहिलाय माझा. धरा कोणीतरी, नाहीतर खाली ठेवा."

बहिणीला दुसरा हात गुडघ्याखाली घालायचा होता. तिने क्षणभर वाट पाहिली, मग हनुवटीने खुणावले. ढगमास्तर पुढे झाले आणि त्यांनी टाच दोन्ही तळव्यांत घेतली. ती अपेक्षेपेक्षा जड होती आणि थंड होती.

"जरा वर घेऊ का?" त्यांनी विचारले. "म्हणजे कोन बघता मला वाटतं..."

"नुसती धर," ती म्हणाली. "तू काही ठरवू नकोस."