धोंड्याच्या ताटातला वज्रनाथ

लग्न जमवताना शेती किती, पगार किती, घरात खाणारी तोंडं किती, हे सगळे विचारतात. आमच्या अंकुरचं लग्न यांपैकी कशावरच जमलं नाही. ते जमलं वज्रनाथवर.

वज्रनाथ म्हणजे हिंदी कॉमिक्समधला एक पोलादी मुठीचा इसम. महाकोट नावाच्या शहरात राहतो, दिवसा ग्रंथालयात नोकरी करतो आणि संकट आलं की पुस्तकांच्या कपाटामागून निळे कपडे घालून निघतो. त्याचे अंक आमच्या इवायांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, तरुणपणी निघायला लागले, मधे काही वर्षं बंद पडले, पुन्हा सुरू झाले आणि अजून निघतातच.

इवाई म्हणजे खुशालराव. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. आम्ही अकोल्याला त्यांची मुलगी पाहायला गेलो, तेव्हा ते खुर्चीत असे बसले होते की पोहे आले काय आणि गेले काय. माणूस समोर बसला की मी त्याची जमेची बाजू आधी पाहतो. पण या माणसाच्या जमेला काय धरावं तेच कळेना. शब्द म्हणून खर्चायचा नाही. दोघांच्या वाटचं बोलणं त्यांच्या बायको बेबीताईच उरकत होत्या. शेवटी मीच म्हणालो, "आमचा पुतण्या अमरावतीले, राजापेठेत, ट्युशन क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. सुपारीचंही व्यसन नाई. फक्त वज्रनाथचं पुस्तक दिसलं का जेवण विसरते."

खुशालराव खुर्चीत पुढे सरकले.

"वज्रनाथचा डावा हात कोणत्या अंकात तुटला?"

"'काँच का ज्वालामुखी'," अंकुर म्हणाला. "पण मामाजी, कव्हरवर उजवा तुटलेला काढला आहे."

मुलगी पसंत करायच्या आधीच हा त्यांना मामाजी म्हणून मोकळा झाला होता, ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही. कारण खुशालराव हसले. दात दिसतील इतके हसले. बेबीताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शालिकरामजी, या घरात हे दात मी आज दुसऱ्यांदा पाह्यले." आचलला, म्हणजे मुलीला, विचारलं. ती म्हणाली, "ज्याच्याशी बाबा बोलले, त्याच्याशी मी पण बोलून पाहीन." बोलून पाहिलं. लग्न झालं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकोल्याहून फोन. आचलला एक वाक्य, "बरी आहेस ना?", आणि उत्तर पुरं व्हायच्या आत "जवाईबापूले दे." मग तासभर वज्रनाथ. नवा अंक कसा आहे, चित्रकार बदलला का, खलनायक प्रोफेसर पाताल खरंच बुडाला की नाही. आचलची धाकटी बहीण प्रणाली म्हणायची, "ताई, बाबाले पोरगा पाह्यजे होता असं नाई. त्याईले वाचक पाह्यजे होता."

दोन वर्षं हे सुरळीत चाललं. मग यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला अंकुर मला क्लासखालच्या टपरीवर घेऊन गेला. चहा आला. त्यानं तो प्यायला नाही.

"काका, मले आता वज्रनाथ वाचवत नाई."

"काहून? डोळे गेले?"

"मजा गेली. मी सातवीत होतो तेव्हा तो पहिल्यांदा मेला. दोन दिवस जेवलो नव्हतो मी. आता चौथ्यांदा मेला, तर मी पान उलटून जाहिरात वाचली. मले माहीत आहे ना, येते तो परत."

"मंग सोडून दे. त्याची काय पेन्शन बुडते?"

"त्याची नाई बुडत, माही बुडते." त्यानं कप खाली ठेवला. "मामाजी त्या घरात कोणाशीच बोलत नाईत. माह्याशी बोलतात ते वज्रनाथसाठी. तो गेला तर मी कोण? खुर्चीत बसलेला आणखी एक जवाई. आनं सारं समजून उमजून मी दर रविवारी 'वा मामाजी, काय अंक होता' म्हणतो. त्या माणसाशी खोटं बोलवत नाई, आनं खरं बोलाव तर तो माणूसच जाते."

पोराचा हिशेब चोख होता. सासऱ्याकडे त्याची एकच ठेव, आणि तीच मोडायची होती. मी सल्ला दिला नाही. अशा वेळी सल्ला देणारा चहाचे पैसे मात्र समोरच्याला देऊ देतो, एवढं मी आयुष्यात पाहिलं आहे.

तेवढ्यात अधिक महिना लागला. लग्नानंतरचा पहिला धोंडा; म्हणजे जावई सासरी जाऊन पुरणाचे धोंडे खाणार, सासरा ताटात तेहतीस अनारसे ठेवून वर दिवा देणार. महिनाभर जावई नारायण आणि मुलगी लक्ष्मी. मलाही आमंत्रण होतं. भर उन्हात अमरावतीहून निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत गाडीत आचल बोलत होती, बोरगाव मंजूपर्यंत मी, आणि अंकुर अकोल्यापर्यंत गप्प.

"त्याईच्यासारखे दिसून राहिले तुमी," आचल त्याला म्हणाली.

"कोणाच्यासारखा?"

"बाबाच्या."

अकोल्याचा मे महिना मी सांगत बसत नाही. कूलरसमोर जो बसला तो पाहुणा आणि बाकीचे सारे घरचे, एवढं पुरे. पाट मांडले होते, रांगोळी होती. आमरस होता आणि त्यात बुडवायला बेबीताईंनी काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे होते. अंकुर पाटावर बसला. आचल शेजारी. खुशालराव आतून ताट घेऊन आले, त्यावर जरीचा रुमाल. चालणं असं, की धरणाचं उद्घाटन असावं.

"अनारसे तं कोणीही देते," ते म्हणाले. त्यांचं हे त्या दिवसाचं पहिलं वाक्य. रुमाल उचलला.

ताटात वज्रनाथचे अंक होते. तेहतीस. कोरे, प्लास्टिकच्या वेष्टणातले, 'महाविनाश' नावाचं पूर्ण पर्व. वर चांदीचा दिवा.

"बाई गं!" बेबीताई म्हणाल्या. "मी पहाटेपासून अनारसे तळून राहिली, आनं तुमी हे ठेवलं?"

"दोन्ही द्या," खुशालराव म्हणाले. त्यांचे डोळे अंकुरवर होते. दात दिसायच्या बेतात होते.

मी अंकुरकडे पाहिलं. 'वा मामाजी' एवढे दोन शब्द, आणि आणखी तेहतीस रविवार निघाले असते. त्यानं ताट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि खाली ठेवलं.

"मामाजी, तुमचं देणं मी नाकारत नाई. पण खोटं बोलत नाई. मी हे वाचणार नाई. माहा वज्रनाथ संपला."

आचलनं त्याच्या बाहीला हात लावला, पण ओढला नाही. तिच्या जमेला ती गोष्ट मी तिथंच मांडली.

"संपला म्हणजे?" खुशालराव म्हणाले. "वेष्टण तरी फोडलं का तुमी? न वाचता माणूस कसा सांगन?"

"वाचायची गरजच नाई. आत काय आहे ते मी इथूनच सांगतो."

"काय बोलून राहिले जवाईबापू!"

"ऐका त्याईचं," बेबीताई कडाडल्या. "आज ते नारायण आहेत. बसा खाली."

खुशालराव बसले. "प्रणाली, काढ एक. मधला काढ."

प्रणालीला अशाच कामाची वाट होती. तिनं ढिगातून एक अंक ओढला, टराटर वेष्टण फाडलं आणि कोणाला दिसू नये म्हणून छातीशी धरला. "बोला जिजाजी. पान पहिलं."

"महाकोट जळून राहिलं."

"जळून राहिलं! पुढं?"

"वज्रनाथ म्हणते, मी लढणार नाई. मेलेल्या गुरूले वचन दिलं होतं."

प्रणालीनं पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं, "'नहीं! मैंने गुरुदेव को वचन दिया था!'"

आचल फिसकन हसली. खुशालरावांनी चष्मा वर सरकवला. "हे तं कोणीही सांगन. पुढं सांगा."

"प्रोफेसर पाताल येते. बुडाला तो पाताल नव्हताच, त्याचा पुतळा होता."

"'मूर्ख! वह तो मेरा पुतला था!'" प्रणालीला वाचता वाचता ठसका लागला. "बाबा, पुतळाच आहे!"

"आता तो वज्रनाथच्या माईले पळवते," अंकुर म्हणाला.

"चूक!" खुशालराव पाटावरून अर्धे उठले. "माय मागच्या पर्वात पळवली. दोनदा लागोपाठ माय पळवत नाईत. या खेपेले बहीण असन."

सगळ्यांनी प्रणालीकडे पाहिलं. तिनं पान उलटलं, एकदा बापाकडे पाहिलं, एकदा जिजाजीकडे.

"माय आहे."

"कशी माय आहे? दाखव!" त्यांनी अंक ओढून घेतला. पाहिला. महाकोटच्या घड्याळाला खरोखरच वज्रनाथची माय बांधलेली होती. त्यांनी अंक मिटला, ढिगातला दुसरा काढला, स्वतःच वेष्टण फाडलं आणि न उघडता मांडीवर ठेवला.

"आता मी सांगतो," ते म्हणाले. "यात त्याचा हात तुटते."

"कोणता?" अंकुर.

"डावा. आनं कव्हरवर..."

"उजवा!" दोघंही एकदम ओरडले, आणि कव्हर पालथं होतं ते सुलटं केलं तर उजवा.

मग काही धरबंध राहिला नाही. आमरस गरम होत होता आणि सासरा-जावई अंक फाडफाडून भाकीत करत होते. आता पूल तुटते. आता इन्स्पेक्टर म्हणते, कानून को हाथ में मत लो. आता तो मरते. बेबीताई सरगुंडे वाढता वाढता म्हणाल्या, "मरते तं मरू द्या, नदीत पडन आनं कोण्या बाईच्या झोपडीत डोळे उघडन," आणि प्रणाली किंचाळली, कारण झोपडीच होती, बाईसुद्धा होती. खुशालरावांनी हसून हसून डोळे पुसले. मी दातांचा हिशेब तिथंच सोडून दिला.

हसणं ओसरलं तसे ते ताटाकडे पाहत बसले. "खरं आहे," म्हणाले. "संपला बावा हा. माहाही केव्हाचाच संपला असन, मी नुसती पानं मोजून राहिलो होतो." मग मान वर करून, सरळ, वऱ्हाडी माणसानं विचारावं तसं विचारलं, "मंग जवाईबापू, आता आपण रविवारी बोलाव काय?"

अंकुरनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. समोर वाटीतल्या आमरसात एक सरगुंडा आडवा अडकला होता आणि त्याच्यामागं रस तटून राहिला होता.

"मामाजी," तो म्हणाला, "धरणाचं दार पाणी भरलं असताना उचलायले किती जोर लागते?"

खुशालरावांनी त्याच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात आणि तेवढ्याच नोकरीत त्यांना हा प्रश्न घरच्या कोणी विचारला नव्हता.

"तुमी सांगा. तुमी फिजिक्सवाले."

अंकुरनं बोटानं ताटात रेघ ओढली. दाराचं वजन इतकं, पाण्याचा दाब इतका, घर्षण इतकं. आकडा काढला.

"या आकड्यानं दार वीतभरही उचलत नाई," खुशालराव म्हणाले. "तुमच्या गणितात गाळ कुठं आहे? खोबणीत गाळ बसते. एका भादव्यात माह्यासमोर दार अडकलं होतं, साहेब नकाशा पाहत बसले, आनं मी..." ते थांबले, कारण बेबीताई पळी हातात धरून थबकल्या होत्या.

"हे मले कधी सांगितलं नाई तुमी?"

"तुमी विचारलं नाई."

मग ते जे बोलायला लागले, ते ऊन उतरेपर्यंत. दार, साखळी, गाळ, साहेब, गावकरी, नारळ. अंकुर मधेच अडवत होता, ते त्याला झापत होते, ताटातल्या रसात धरणं बांधली जात होती आणि फुटत होती. जावयाला त्यांनी दोनदा गाढव म्हटलं. नारायणाला गाढव म्हणू नये असं कोणी सुचवलं नाही.

निघताना ताटाचा प्रश्न आला. दिवा आणि अनारसे अंकुरनं घेतले. अंक दिलेले, ते परत ठेवता येईनात. बेबीताईंनी ते माझ्या पिशवीत घातले. "इवाई, तुमी न्या. माह्या घरातून एकदाचा जाऊ द्या त्याले."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम राजापेठेत अंकुरकडे गेलो. फोनची वेळ झाली. फोन आला नाही. अंकुरनं पेपर उघडला, मिटला. रेंज पाहिली. आचल चहा ठेवून गेली. पाहुणे गेल्यावर माणूस शांत होतो आणि समोरचा काय बोलून गेला ते त्याला आठवतं, हे मलाही माहीत होतं, त्यालाही.

मग वाजला. आचलनं उचलला. "बरी आहेस ना?" आणि पुढचं मलासुद्धा ऐकू आलं: "जवाईबापूले दे! रात्री पूर्ण मांडून पाह्यलं म्हणा. त्याईचं गणित चुकलं!"

अंकुरनं तो फोन जवळजवळ हिसकावला.

"नाई चुकलं मामाजी! तुमी गाळ जास्त धरला! नाई, नाई, आधी ऐका तं माहं!" तो उभा राहिला, दिवाणावर चढला, हात हवेत. आचलकडे वळून, फोनवर हात ठेवून, लॉटरी लागल्यासारखा म्हणाला, "बाबा भांडून राहिले माह्याशी!"

"मंग स्पीकरवर टाका ना," आचल म्हणाली आणि त्याच्या शेजारी चढून बसली.

त्या गलक्यात माझं काही काम नव्हतं. मी पिशवीतून सातवा अंक काढला; सहा वाचून झाले होते. वज्रनाथ पुन्हा मेला आहे, आणि जवळपास नदीही नाही. तो परत येतो असं सगळे म्हणतात, पण मला तरी या खेपेला तसं काही दिसत नाही.