चाकामागचा दगड

मी एका जुन्या मोटारीचं इंजिन बोलतोय. ऐकू येत नसेल तर तुमच्या कानांना दोष देऊ नका. गप्प राहायची सवय मला मागाहून लागली, आणि ती लावणाऱ्याचीच ही गोष्ट आहे.

जन्मलो तेव्हा मी भलताच बडबड्या होतो. कारखान्यात आम्ही घाऊक निघायचो. माझे चार पिस्टन म्हणायला सारखे, पण एक जरा जड, एक जरा हलका. एवढं उन्नीस-बीस चालतं म्हणे. चालतं हो, पण थरथरत आणि खोकत. नाशिकच्या मल्हाररावांनी मला मोटारीसकट विकत घेतलं, तेव्हा मी वळणावर असतानाच गल्लीतली कुत्री बाजूला व्हायची.

मल्हारराव ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात त्यांनी मला ओसरीवर आणून सुटं सुटं केलं. यशोदाबाई, त्यांच्या पत्नी, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"नवीन सामान घालताय का?"

"नाही गं, आहे तेच. नकाशात जसं काढलंय अगदी तसं करायचं. ह्याला ब्लूप्रिंटिंग म्हणतात."

"मग आधी कशावरून केलं होतं?"

"त्याच नकाशावरून. पण घाईत. तुझ्या भाकरी कशा, सगळ्या एका मापाच्या? तसं करतोय."

भाकरीचं कौतुक झालं आणि ओसरी आम्हाला दसऱ्यापर्यंत मिळाली.

मग माझी एकेक फट मोजली गेली. जड पिस्टन आतून घासून हलक्याच्या वजनावर आणायचे, म्हणून आमची वरात सराफाकडे गेली. चांदीची ताटं तोलायच्या काट्यावर मी बसलो. सराफानं विचारलं, "कसोटीवर घासून बघू का?" मी लाजलो.

खंडेनवमीला यशोदाबाईंनी हत्यारांबरोबर माझीही पूजा केली. मल्हारराव चष्मा सारून म्हणाले, "तिसऱ्या पिस्टनला कुंकू जास्त लागलंय." त्यावर त्यांनी करंडाच त्यांच्या हातात दिला.

त्याच दिवशी यशोदाबाईंचा भाऊ झुंबर आला. पिंपळगावला टेम्पो चालवायचा, कांदा वाहायचा. मला बघून म्हणाला, "दाजी, हे भंगार कशाला मांडलंय? माझ्या विहिरीवर द्या. रॉकेलवर चालवीन."

रॉकेल! सराफाच्या काट्यावर बसून आलेल्या मला!

ओसरीला कंटाळलेल्या यशोदाबाईंनी निकाल दिला, "जोडा ते. कसारा घाट चढलं तर घरात राहील. मध्येच बंद पडलं तर झुंबर नेईल." त्यांच्या शब्दापुढे मल्हाररावांचं काही चालत नसे.

दिवाळीनंतर आम्ही घाट उतरून परत चढायला लागलो. झुंबर मागच्या सीटवर, पायाशी भला मोठा दगड. दगडाशिवाय हा गडी कधी घाट चढला नव्हता.

अर्ध्या घाटात पुढचा ट्रक थांबला. आम्हीही थांबलो. मी आपला मजेत चालू होतो, पण चारही पिस्टन आता एका वजनाचे, त्यामुळे इतका गप्प की झुंबरनं कान टवकारले. इंजिनाचा आवाज नाही म्हणजे इंजिन मेलं, हा त्याचा जन्माचा अनुभव. दगड घेऊन त्यानं खाली उडी मारली, चाकामागे लावला आणि ओरडला, "बंद पडलं! ताई, इंजिन माझं!"

खरं सांगतो, मल्हाररावांनाही खात्री वाटेना. त्यांचा हात किल्लीकडे गेला. तेवढ्यात यशोदाबाईंनी समोरच्या पत्र्यावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"चालू आहे," त्या हळूच म्हणाल्या. "बारीक थरथरतंय."

ट्रक हलला. ब्रेक सुटला. मी निघालो.

"अगं, झुंबर राहिला!"

"राहू द्या. वर घाटनदेवीच्या देवळाशी थांबू. इथे थांबलात तर बंदच पडलं म्हणेल."

आमचा नारळ फोडून होईपर्यंत झुंबर एका कांद्याच्या ट्रकमधून आला. दगड मांडीवर.

त्याला आता बरीच वर्षं झाली. रॉकेलचा थेंब मला शिवलेला नाही. माझ्या मोटारीचा पत्रा गंजलाय, मल्हाररावांना कमी ऐकू येतं. तो दगड आमच्या अंगणात असतो. खंडेनवमीला यशोदाबाई मला आणि त्याला सारखं कुंकू लावतात, मोजून. झुंबर हल्ली गाडीत बसण्याआधी बॉनेटवर हात ठेवतो, आणि एकदा बसला की चहालासुद्धा उतरत नाही.

एक दिवस मी खरंच बंद पडेन. आवाजात काही फरक पडायचा नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. आधी यशोदाबाईंनी हात ठेवून बघावं. मगच झुंबरनं दगड लावावा.