नोनी डेलाहंटीचा रविवार

"डोनलनं पहिल्या दहा मिनिटांत गोल खाल्ला नाही, तर आपण सामन्यात आहोत," पॅकी ट्रेसी म्हणाला आणि त्यानं माझ्या औषधाच्या ट्रेवरच आपला चहाचा कप ठेवला.

"आणि खाल्ला तर?" मी कप उचलून त्याच्या हातात परत दिला.

"तर जेवायला घरी लवकर पोचू."

पलंगावर उशांना टेकून बसलेला मॉस डेलाहंटी हसला, आणि हसल्याची शिक्षा म्हणून बराच वेळ खोकत राहिला. त्याची फुप्फुसं संपली होती. डॉक्टरांनी ते त्याला सांगितलं होतं, फादरनी मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल त्याच्या कपाळाला लावलं होतं, आणि मी गावची नर्स म्हणून रोज दोनदा येऊन त्याला सुई टोचत होते. पण त्या शुक्रवारी त्याच्या खोलीत बसलेल्या माणसांना बघून कुणी म्हटलं नसतं, की हे मरणाऱ्याला भेटायला आलेत. ते आले होते हर्लिंगच्या, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, गप्पा मारायला.

त्याला कारणही तसंच होतं. आमचं किलब्रॅन काउंटीच्या, म्हणजे आख्ख्या जिल्ह्याच्या, अंतिम सामन्यात पोचलं होतं. याआधी कधी पोचलं होतं ते मॉसला त्याच्या वडिलांनी सांगितलेलं, म्हणजे बघा. आमच्या गावात एक चर्च, दूध गोळा करणारी एक क्रीमरी आणि दोन दारूची दुकानं. पंधरा जणांचा संघ उभा करायचा तर प्रत्येक धडधाकट पोराला काठी घेऊन मैदानात उतरावं लागतं, मग तो सुतार असो की शाळामास्तर. आणि समोर कोण, तर टेंपलगार. शहरवजा गाव, सलग तीन वर्षं करंडक त्यांच्याकडे, आणि नुसत्या राखीव खेळाडूंचा आणखी एक संघ निघेल एवढी माणसं.

"पाऊस पडला तर आपला फायदा," पॅकी म्हणाला. तो गावचा खाटीक, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचे तुकडे करून मांडायची त्याला सवय. "त्यांची पोरं हरणासारखी पळतात. चिखलात हरीण काय करणार?"

"आणि आपली पोरं चिखलात काय करणार?" क्रीमरीचा मॅनेजर जेर होबन म्हणाला.

"आपली चिखलातच वाढलीत की रे."

"पैजेत आपल्यावर एकाला दहा भाव मिळतोय म्हणे."

"मग लावा की," मॉस धापा टाकत म्हणाला. "घाबरता कशाला? मी आयुष्यभर या संघावर पैसे लावलेत. गरीबच मरणार आहे, पण तोंड वर करून."

एवढ्यात नोनी, मॉसची बायको, सोडाब्रेडचं ताट घेऊन आत आली. पॅकीनं लगेच तिला डिवचलं. "काय हो टेंपलगारची पोर, तुमची पैज कुणावर?"

नोनी माहेरची टेंपलगारची. तिचे तिन्ही भाऊ त्या संघातून खेळले, आणि आता तिचा भाचा लॉर्कन त्यांचा सगळ्यात धोकादायक आक्रमक. लग्न होऊन ती किलब्रॅनला आली, इथेच म्हातारी झाली, इथल्या निम्म्या गावाची बाळंतपणं निस्तरली, तरी सामन्याच्या दिवसांत ती टेंपलगारची पोरच. मैदानावर कधी गेली नाही. गेली तर कुठल्या बाजूला उभी राहते, हे बघायला सगळं गाव टपलेलं असायचं, म्हणूनच गेली नसेल.

"माझी पैज या ताटावर," ती म्हणाली. "पाच मिनिटांत रिकामं होतं की नाही बघा."

ती मंडळी निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. पॅकीनं टोपी डोक्यावर चढवली, आणि इतका वेळ तोंडावर असलेलं हसू त्याच्या चेहऱ्यावरून गेलं.

"नर्सबाई, खरं सांग. रविवारपर्यंत तग धरेल का मॉस?"

"तुमच्या संघाला जेवढी आशा आहे, तेवढीच याला."

"म्हणजे नाहीच."

"तसं मी म्हटलं नाही," मी म्हणाले. पण मनातून मीही तेच म्हणत होते.

त्याच्या विचारण्यामागे काय आहे ते मला ठाऊक होतं. किलब्रॅनमध्ये एक रीत आहे. ज्या घरात प्रेत, त्या घरचा माणूस दफन होईपर्यंत काठी हातात धरत नाही. ती कुणी लिहून ठेवलेली नाही आणि आजवर कुणी मोडलेलीही नाही. आणि आमचा गोलकीपर डोनल हा मॉसचा एकुलता एक मुलगा. मॉस रविवारच्या आधी गेला, तर दोनच वाटा होत्या. डोनलच्या जागी जेर होबनच्या पोराला गोलमध्ये उभं करायचं, आणि तो पोरगा चेंडू जोरात आला की डोळे मिटतो. नाहीतर टेंपलगारला विनंती करायची, की बाबांनो, आमच्या घरी मयत आहे, सामना पुढे ढकला. त्यांनी तो आनंदानं ढकलला असता. आणि पुढची पन्नास वर्षं त्यांच्या दिलदारपणाच्या गोष्टी आम्ही ऐकल्या असत्या.

मी परत आत गेले तर मॉस नोनीचा हात धरून बसला होता.

"नर्सबाईसमोरच सांगतो," तो म्हणाला. "मी आधी गेलो, तर सामना होईपर्यंत कुणाला सांगू नकोस."

"वेडा आहेस का?"

"अगं, मेल्यावर टेंपलगारचे उपकार नकोत मला."

"माझ्या माहेरचे उपकार एवढे जड होतात काय रे?"

"चाळीस वर्षं तुला नांदवतोय तो एक उपकार पुरे झाला."

ती हसली नाही. "मॉस, पोराशी खोटं बोलायला लावू नकोस मला. तो जन्मात माफ करणार नाही. तुला सामना ऐकायचा असेल तर जिवंत राहा आणि ऐक. मी असलं काही करणार नाही." आणि ती भांडी घासायला निघून गेली. मॉसनं माझ्याकडे बघितलं. मी बॅग आवरत राहिले. नवराबायकोच्या मध्ये नर्सनं पडू नये.

शनिवारी डोनल आला तेव्हा मी तिथेच होते. तो लग्न करून चौफुलीपाशी राहतो, आणि क्रीमरीचा टँकर चालवतो. बाप-लेकांनी आजाराबद्दल एक शब्द काढला नाही.

"दुसऱ्या डावात ऊन तुझ्या डोळ्यांवर येईल," मॉस म्हणाला. "टोपी घाल."

"टोपी घालून खेळलो तर लोक हसतील, बाबा."

"गोल खाल्लास तर जास्त हसतील. आणि लॉर्कन डावीकडून येईल. मारायच्या आधी तो खांदा पाडतो. तुझ्या मामांचीही तीच खोड होती. विचार आईला."

नोनी शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मला काही विचारू नका."

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा पहिल्या प्रार्थनेची घंटा व्हायची होती. पडदे उघडे होते, धुराड्यातून धूर निघत होता, दारात कोंबड्यांना दाणे टाकलेले होते. मला बरं वाटलं. म्हणजे रात्र काढली म्हाताऱ्यानं. आमच्याकडे घरात कुणी गेलं, की आधी पडदे ओढतात आणि घड्याळ थांबवतात.

मी खोलीत गेले. मॉसचा हात उचलायच्या आधीच मला कळलं. तिनं त्याची दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता, बोटांत जपमाळ गुंफली होती.

"कधी?" मी विचारलं.

"उजाडताना. मी हात धरलेला होता." ती दारात उभी होती, डोळे कोरडे, ॲप्रन बांधलेला. "तुला कळवावं लागेल ना कुणाला?"

"डॉक्टरांना. ते सकाळच्याच बसनं सामन्याला जाणार आहेत."

"मग संध्याकाळीच भेटतील," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. शुक्रवारी नाही म्हणाली होती ती हीच बाई. मला विचारायचं होतं, की काय झालं, का बदललंत. पण तेवढ्यात फाटक वाजलं. आम्हाला दोघींनाही ती पावलं ओळखीची होती.

नोनी माझ्याही आधी निघाली. तिनं खोलीचं दार मागे ओढून घेतलं, आणि बाहेरच्या उंबऱ्यावर अशी उभी राहिली की तिच्या बाजूनं मांजरसुद्धा आत गेलं नसतं. डोनल काठी बगलेत धरून समोर उभा होता. मागे रस्त्यावर बस थांबली होती, त्यातून पोरांची गाणी ऐकू येत होती.

"भेटून जातो," तो म्हणाला.

"बूट बघ तुझे. चिखलानं भरलेत. आत्ताच पुसलंय मी."

"मग काढतो बूट."

"डोनल. शांत पडलाय. उठवू नकोस त्याला."

तो माझ्याकडे बघायला लागला. आजवर मी अनेकांच्या तोंडावर धडधडीत बातम्या सांगितल्यात, चांगल्या आणि वाईट. त्या दिवशी मी फक्त होकारार्थी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटत नाही.

"रात्री त्रास झाला का त्याला?"

"नाही. शेवटी अगदी शांत होता," नोनी म्हणाली. एकही शब्द खोटा नव्हता. "जे सांगायचं ते त्यानं काल सांगितलंय तुला. टोपी घेतलीस?"

त्यानं खिशातून टोपी काढून दाखवली. दाराशेजारच्या वाटीतल्या पवित्र पाण्यात बोट बुडवून तिनं त्याच्या कपाळावर क्रूस काढला, आणि त्याला वळवून पाठीवर एक थाप मारली. लहानपणी शाळेत पाठवताना आया मारतात तशी. बस वळणाआड जाईपर्यंत ती हसत हात हलवत होती. मग ती तिथेच उंबऱ्यावर बसली, आणि मी तिला धरलं. बराच वेळ धरून ठेवावं लागलं.

दुपारी गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. आम्ही दोघी मॉसच्या पलंगाशेजारी खुर्च्या घेऊन बसलो, आणि तिनं रेडिओ लावला.

पहिल्या दहा मिनिटांत डोनलनं गोल खाल्ला नाही. पहिल्या डावात खाल्लाच नाही. टेंपलगारवाले गोलच्या आडव्या दांडीवरून चेंडू मारून एकेक गुण घेत राहिले, आणि आमची पोरं गोचिडासारखी त्यांना चिकटून राहिली. ते दोन गुणांनी पुढे गेले की आम्ही एक फेडायचो. समालोचकाचा आवाज चढायला लागला. तो सारखा म्हणत होता, की किलब्रॅनकडून अशी अपेक्षा कुणीच केली नव्हती. दर वेळी नोनी तोंडातल्या तोंडात म्हणायची, "का नव्हती केली?"

शेवटचे काही क्षण उरले होते, आम्ही एका गुणानं मागे होतो, आणि लॉर्कन डावीकडून एकटाच चेंडू घेऊन निघाला. त्याच्या आणि जाळीच्या मध्ये फक्त डोनल. गोल झाला असता तर तीन गुण, आणि खेळ खलास.

नोनी उभी राहिली. "लॉर्कन," ती म्हणाली, अगदी हळू, समोर असल्यासारखी. "माझ्या मांडीवर तुझा बाप्तिस्मा झालाय रे बाळा. चुकव."

तो चुकला नाही. त्यानं मारला, आणि डोनलनं अडवला. समालोचक काय ओरडला ते मला कळलं नाही, कारण मी स्वतःच ओरडत होते. तोच चेंडू डोनलनं काठीनं लांब भिरकावला, तो मधल्या फळीतल्या मिक टूमीनं हवेतच झेलला, आणि तिथूनच दांडीवरून पार केला. शिट्टी झाली. बरोबरी.

एकाला दहा भाव मिळणारी आमची पोरं हरली नव्हती. आम्ही त्या खोलीत दोघी बायका आणि एक प्रेत, आणि मला वाटलं, आख्ख्या काउंटीत आत्ता आपल्यासारखं अभिमानी घर नसेल.

नोनीनं रेडिओ बंद केला. मग उठली, पडदे ओढले, आणि घड्याळाचा लंबक हातानं थांबवला. "आता कळव," ती म्हणाली.

बस परत आली ती हॉर्न वाजवत. वळणावर आली, आणि हॉर्न मध्येच थांबला. बसमधल्या सगळ्यांना पडदे दिसले होते. डोनल पहिला उतरला, अंगावर अजून तीच मळलेली जर्सी. नोनी फाटकात उभी होती.

"कधी?"

"उजाडताना."

 हिशेब कळायला त्याला वेळ लागला नाही. "म्हणजे मी दारात होतो, तेव्हा..."

"हो."

"आणि तू मला हसून पाठवलंस."

"पाठवलं. त्यानं सांगितलं होतं म्हणून नाही. त्याला मी नाहीच म्हणाले होते." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "सकाळी पडदे ओढायला उठले, तर पोरं गात रस्त्यानं चाललेली ऐकू आली, आणि मला वाटलं, एवढ्या सगळ्यांना मी कशी काय थांबवू? माझ्यावर रागाव तू. जन्मभर रागाव. पण वेळ आली तर मी पुन्हा तसंच करीन."

मागे पॅकी, जेर, डॉक्टर, फादर आणि सगळा संघ रस्त्यावर टोप्या काढून उभा होता.  टेंपलगारची पोर म्हणून ज्या बाईला पॅकीनं चाळीस वर्षं चिडवलं, तिच्याकडे तो नुसता बघत राहिला, आणि खाटकाच्या त्या मोठ्या हातानं त्यानं डोळे पुसले.

डोनलनं आईला जवळ घेतलं. मग तो घराकडे निघाला, आणि दारात थांबून बूट काढायला वाकला.

"राहू देत," नोनी म्हणाली. "तसाच जा. निकाल काय लागला ते त्याला कुणी सांगितलं नाहीये अजून."

तो आत गेला. दार उघडंच राहिलं. "बाबा, बरोबरी," आम्हाला ऐकू आलं. "पुन्हा खेळायचंय." मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तो सांगायला लागला. पहिल्यापासून, नाणेफेकीपासून, वारा कुठून होता आणि कुणी कुणाला ढकललं. मधूनच आवाज बसायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

नोनीनं चुलीवर मोठी किटली चढवली. अंगणात हळूहळू सगळं गाव जमलं. रीतीप्रमाणे एकेकानं आत जाऊन मॉसचा हात धरायचा होता, प्रार्थना म्हणायची होती. पण डोनल दुसऱ्या डावापर्यंत आला होता, आणि सामना सांगून पुरा होईपर्यंत कुणीही आत गेलं नाही.