दाबिनच्या मिरचीचं गिऱ्हाईक

दर पाच दिवसांनी भरणाऱ्या बाजारात यंदा पोरांसाठी वेगळी रांग काढली होती. मुलांनी आपला माल आणावा, आपण विकावा, धंदा काय असतो ते कोवळ्या वयातच कळावं, असं बाजार समितीचं म्हणणं. कुणी जुनी खेळणी मांडली, कुणी आईनं केलेल्या तांदळाच्या वड्या. चौथीतल्या दाबिननं मिरचीची रोपं आणली. हिवाळा सरायच्या आधी बी पेरून, थंडीत घरात आणि उन्हात गच्चीवर अशी ने-आण करून तिनं ती जगवली होती. दुधाच्या रिकाम्या खोक्यांना पाणी निथळायला भोकंही तिनंच पाडली होती.

घरून निघतानाच तिनं वडिलांना, अप्पांना बजावलं होतं, "आपल्यातल्या कुणी एक रोपटंसुद्धा घ्यायचं नाही. शपथ?"

"शपथ," म्हणाले अप्पा.

दाबिनची चटई पोरांच्या रांगेच्या टोकाला होती; शेजारी सुक्या माशांवाली मावशी बसली होती. ती म्हणाली, "भवानीचं गिऱ्हाईक कसं निघतं ते बघ हो पोरी. त्यानं घासाघीस केली आणि न घेता गेला, तर सगळा दिवस तसाच जातो. मी अशाच्या पाठीवर मीठ फेकते!"

भवानी झकास झाली. टोपीवाला एक माणूस आला, सहा खोकी उचलली, परत मिळालेले सुटे मोजलेही नाहीत. मागोमाग स्कूटरवरची बाई आली, तिनं दहा घेतली. मग आणखी दोघं. दाबिनचे गाल लाल झाले.

मावशी डोळे बारीक करून बघत होती. "काय गं, तुझी गिऱ्हाइकं मुकी आहेत का? मिरची घेतायत आणि एकानं विचारलं नाही, तिखट की बिनतिखट!"

"तुमचे मासे खपत नाहीत म्हणून जळता तुम्ही!"

"जळतेय बाई. वास येत नाही का?" मावशी खो खो हसली.

जेवणवेळेआधीच चटई रिकामी झाली. तेवढ्यात एक म्हातारी बसमधून उतरून आली आणि खोक्यांच्या ओल्या खुणांकडे बघत उभी राहिली.

"रोपं होती ना इथं? तिखटाची?"

"तिखटाचीच, आजी. पण संपली."

"हात्तिच्या! वाफे करून ठेवलेत गं मी. बस बदलून आले." म्हातारी चुकचुकत पुढच्या मोठ्या रोपवाल्याकडे गेली. दाबिनला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यातही ऐट होती. माल संपला होता तिचा!

रिकामे ट्रे ठेवायला ती अप्पांच्या गाडीकडे गेली. अप्पा घरांच्या भिंतींना कागद चिकटवायचं काम करत. मागचं दार उघडं होतं. कागदाच्या गुंडाळ्यांखाली तिनं विकलेली सगळी खोकी पडली होती. काही आडवी, काही चेपलेली. माती सांडली होती, उकाड्यानं पानं लोळली होती. एका रोपाची मान मोडली होती.

गाडीच्या पुढे अप्पा आणि तो टोपीवाला कॉफी पीत हसत होते.

दाबिनच्या अंगाचा तिळपापड झाला. "अप्पा!"

अप्पांची कॉफी सांडली. "अगं, हे... हे पिल्जू काका. माझ्याबरोबर काम करतात."

"शपथ घेतली होती तुम्ही!"

"मी कुठं घेतली रोपं? यांनी घेतली." अप्पांनी हसून बघितलं. ती हसली नाही. "पहिलीच वेळ होती गं. दिवसभर बसून एकही खपलं नसतं तर? तुझा हिरमोड झाला असता."

"झाला असता तर माझा झाला असता! तोसुद्धा तुम्ही विकत घेतलात!"

"पोरी, अप्पांनी मायेनं केलं," पिल्जू काका म्हणाले.

"तुम्ही बोलू नका! तुम्हाला तिखट-बिनतिखटसुद्धा विचारता आलं नाही. आणि मी मूर्ख, त्या मावशीला बोलले! खरं गिऱ्हाईक आलं तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. माझी रोपं इथं मरत होती!"

तिनं कमरेच्या पिशवीतल्या नोटा काढून अप्पांच्या पायाशी टाकल्या आणि खोकी ट्रेमध्ये भरू लागली. अप्पा हात लावायला वाकले.

"हात लावू नका."

ट्रे जड होते. दोनदा टेकवत, ओठ चावत तिनं एकेक चटईपर्यंत नेला. बाजार आता विरळ झाला होता. मावशीनं रोपांसाठी आपली पाण्याची बाटली पुढे केली.

बराच वेळ कुणी फिरकलं नाही. मग एक बाई थांबली. तिनं पान उलटून बघितलं, तिखट आहे का विचारलं, भाव विचारला आणि नाक मुरडलं. "सुकलीयत की! एकाच्या भावात दोन दे."

"पाणी दिलंय, उद्या ताठ होतील. एकाच्या भावात एकच."

"काय चुरचुरीत पोरगी आहे! ठेव मग तुझ्यापाशीच."

बाई चालू लागली. थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या अप्पांचा पाय तिच्या मागे जायला उचलला गेला. दाबिननं त्यांच्याकडे असं बघितलं की तो तिथंच टेकला.

मग ती चटईवर उभी राहिली. सकाळपासून तिला एकदाही ओरडावं लागलं नव्हतं, आणि आता तोंड उघडलं तर आवाज निघाला तो भांडणाचाच.

"मिरचीची रोपं! जाळ तिखट! बघा आणि मग घ्या!"

समोरून जाणारे दोघं दचकून थांबले.