शेकाचा दगड

१९५७ साली एटापल्लीच्या रानातली सरकारी खाण बंद पडली, आणि मी तिचा राखणदार होतो. बंद खाणीची राखण ती काय? येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्टी सांगायच्या. इथला काळा दगड एकदा तापला की तीन दिवस निवत नाही, ही त्यातलीच एक. एका दगडावर मी आठवडाभर भात शिजवला होता, असंही सांगायचो.

खाणीवरची छपरं उतरवायला दहा माणसं लागली, तेव्हा मुंबईहून एक साहेब आला. त्याने प्रत्येकाच्या छातीला फिल्मचा बिल्ला लावला. दगडातून न दिसणारे किरण निघतात, अंगावर किती पडले ते फिल्मवर उमटतं, जितकी काळी तितकं वाईट, असं समजावलं. वर बजावलं, "हरवू नका."

महिन्याने बिल्ले मुंबईला गेले. थोड्याच दिवसांत साहेब जीप घेऊन हजर. नऊ फिल्मा जवळजवळ कोऱ्या होत्या. दहावी, लालसूची, काळीकुट्ट.

"तू कुठे काम करत होतास?"

"सगळ्याईसंगच, साहेब."

"आणि बिल्ला?"

लालसूने मान खाली घातली. "घरी. तुमी म्हनलं हरवू नोका. पोरगी बाळंतीण हाये, तिच्या बाजंले बांधून ठेवला. तिथून कोन नेते?"

मी खो-खो हसलो. साहेब हसला नाही. किरण मोजायचं यंत्र उचलून तो लालसूच्या घराकडे निघाला.

दारात यंत्र टिक... टिक करत होतं. बाजेजवळ नेलं तर धानाच्या लाह्या फुटाव्यात तसं तडतडलं. लालसूच्या पोरीच्या, मंगलीच्या पाठीशी फडक्यात गुंडाळलेला काळा दगड होता. कुशीत महिन्याचं बाळ.

"हा कुठून आणला?"

लालसूची बायको रुखमा माझ्याकडे बोट करून म्हणाली, "देवाजीभाऊनंच सांगतलं, तीन दिवस निवत नाई. निवते पन. शेकाले दिसातून चारदा तापवा लागते."

मी तिथेच भुईवर बसलो.

साहेबाने दगड लांब नेऊन ठेवला आणि यंत्र बाळाशी धरलं. टिक. बराच वेळ काही नाही. टिक.

"दारात होतं तेवढंच आहे," तो म्हणाला. "पण महिनाभर दगड जवळ होता. पुढे काय होईल, मला सांगता येणार नाही."

मंगलीने बाळाला पदराखाली घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"ही गोष्ट आणखी कुणाला सांगितलीत?" साहेबाने विचारलं.

मी आठवू लागलो. एटापल्लीचा बाजार. तीन लग्नं. एक बारसं.

घरोघरी सांगायला साहेबाने मला पुढे घातलं. पहिलंच घर शकुबाईचं.

"या भाऊ. आज कोनती पुडी सोडता?"

"बाई, खानीतला दगड घरात ठेवू नोका. त्याच्यातून दिसत नाई असं काई तरी निघते. लेकराले बाधते."

सगळं घर पोट धरून हसलं. आत बाजेवरची बाळंतीण सूनही हसली.

यंत्र घेऊन साहेबाने उंबरठा ओलांडला, आणि लाह्या फुटू लागल्या.