हिरवी खूण

एकदा केलेलं काम पुन्हा करायचं नाही, हा दीप्तीचा बाणा. गोंदियातल्या एका संस्थेसाठी ती जंगलातल्या गावांचं मोबाइल अ‍ॅप बनवत होती. कोडचा तुकडा एकदाच घडवायचा आणि लागेल त्या स्क्रीनवर नेऊन बसवायचा. ‘‘आयत्या पिठावर रेघोट्या ओढते, पण पीठही माझंच,’’ असं ती हसून सांगायची.

तिचा लाडका तुकडा हिरव्या खुणेचा. गावकऱ्यांनी वेचलेल्या मोहफुलांची नोंद केली की खूण उमटायची: ‘झालं’. रेंज नसली तरी खूण उमटायचीच; नोंद मात्र फोनमध्येच थांबायची, रेंज आली की पुढे जायची. मोहफुलांना कसली आली घाई! पुढे संस्थेने ‘गाडी बोलवा’ ही स्क्रीन मागितली. दीप्तीने तोच तुकडा तिथे बसवला आणि चहा प्यायला गेली.

मे महिन्यात, सालेकशाकडच्या तिच्या गावी, तेंदूपानं तोडताना तिच्या वडिलांना, भोजराजना, नाग चावला.

ती पोचली तेव्हा अंगणात पांढरी चादर होती. गावकऱ्यांनी संस्थेच्या गाडीवाल्या दुलीचंदची गचांडी धरली होती.

‘‘मले निरोपच नाही आला जी,’’ तो रडत सांगत होता.

‘‘खोटा बोलून रायला थो!’’ आई लीलाबाईने फोन लेकीच्या हातात कोंबला. ‘‘हे पाय, हिरवी खूण आली होती. शेजारचा जागेश्वर म्हणे, मोटारसायकलवर नेतो. म्याच नाही म्हटलं. माया पोरीनं बनवलं हाय, गाडी येतेच.’’

फोनला रेंज नव्हती. दीप्तीला सगळं कळलं. एक वाक्य बोलली असती तर दुलीचंद सुटला असता, पण आईच्या तोंडाकडे पाहून तिची जीभ रेटेना. कुणीतरी त्याच्या कानाखाली वाजवली, तरी ती गप्प राहिली. स्वतःची तिला शिसारी आली.

अंत्ययात्रा निघाली. आईचा फोन दीप्तीच्या मुठीतच होता. दुलीचंद सुजलेल्या गालाने सगळ्यांच्या मागून चालत होता. एवढं होऊनही तो आला होता.

रेल्वेलाइनजवळच्या चढावर रेंज येते. तिथे दीप्तीच्या मुठीतला फोन थरथरला आणि लगेच मागे दुलीचंदचा वाजला. त्याने तो डोळ्यांपुढे धरला आणि मोठ्याने वाचलं, ‘‘भोजराजला नाग चावला. गाडी लवकर पाठवा.’’

खांदेकरी थांबले. लीलाबाई वळली आणि लेकीला म्हणाली, ‘‘मंग तुयी खूण आधीच हिरवी काऊन झाली वं?’’